आक्षीचे पाहुणे आणि नांगरामागचे बगळे



हंगाम संपला की आपल्या ऊस विकास विभागातर्फे दरवर्षी एक सहल निघते. आजवर आम्ही सभासदांना ठिबकचे प्लॉट, बेणेमळे, संशोधन केंद्र अशाच ठिकाणी नेले. यंदा मार्चअखेर गळीत आटोपले तेव्हा आम्ही सुचवले, या खेपेला समुद्रकाठी पक्षी पाहायला जाऊ. गट बैठकीत हशा पिकला. "पाखरं बघायला अलिबागला कशाला? माझ्या ज्वारीवर या की, गोफणपण देतो," असे एक सभासद म्हणाले. पहिले नाव नोंदवले ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका जुन्या सभासदांनी. सगळा गट त्यांना तात्या म्हणतो. "मला समुद्र बघायचाय. पाखरं दिसली तर दिसली," एवढेच ते बोलले.

प्रत्येकी वर्गणी काढून एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. बेचाळीस जण, त्यात अकरा महिला सभासद. कारखान्याच्या पैशाला हात लावलेला नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वार्षिक सभेत प्रश्न यायचा.

रात्री दहाला गट ऑफिससमोरून नारळ फोडून निघालो. पुणे, खोपोली, पेण, वडखळ करीत उजाडता अलिबागला पोचलो. तिथे एक निवृत्त शिक्षक आमची वाट पाहात होते. पक्ष्यांचा त्यांना तीस वर्षांचा नाद. त्यांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणू लागलो.

तिथीवर चालणारे पाणी

गुरुजींनी पहिला धडा पक्ष्यांचा नव्हे, पाण्याचा दिला. "आज तिथी कोणती?" त्यांनी विचारले. फाल्गुन वद्य चतुर्थी, संकष्टी होती. निम्म्या गाडीला उपवास, त्यामुळे उत्तर लगेच आले. "तिथीची पाऊणपट करा. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पुरी भरती, आणि त्यापासून सहा-सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. नऊला समुद्र मागे गेलेला असेल, तेव्हा किल्ल्यात चालत जाऊ." आणि खरेच, नऊच्या सुमारास घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही कुलाबा किल्ल्यात गेलो. आपल्याकडे पाण्याची पाळी पाटकरी ठरवतो, इथे चंद्र ठरवतो, आणि वशिला चालत नाही, असे कुणीतरी म्हणाले.

कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली सुरू झाले. तटाचे प्रचंड दगड चुना न भरता एकावर एक रचलेले. आत सिद्धिविनायकाचे दर्शन घडले, संकष्टी साधली. पण आपली मंडळी जास्त वेळ रेंगाळली ती गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मधे गोडी विहीर! दोघांनी तर वाकून झरा कुठल्या अंगाने आहे तेही ठरवून टाकले.

गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहिली. १७२९ साली त्यांचे निधन झाले, तोवर या किनाऱ्यावर त्यांचा दरारा होता. मग चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला आणले. लोखंडाचा परिणाम होऊ नये म्हणून इमारतीही लोखंड टाळून बांधल्या. गुरुजी म्हणाले, "लांबून येणारे कित्येक पक्षी दिशा ओळखायला याच चुंबकत्वाचा आधार घेतात. उद्या भेटतीलच."

महिला सभासदांनी तोवर पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन गाडीची मागची शिटे भरून टाकली होती.

किहीमची सुगरण

दुपारनंतर किहीमला गेलो. थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची ही जागा. १९३० साली जर्मनीहून अभ्यास करून परतले तर मुंबईतली त्यांची संग्रहालयातली नोकरीच उरली नव्हती. तेव्हा ते किहीमला येऊन राहिले, आणि बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी काय पाहिले? सुगरणीची घरटी! जी आपल्या विहिरीवरच्या बाभळीला लोंबतात, तीच.

आपण तिला सुगरण म्हणतो, पण घरटे विणतो तो नर. अर्धे विणून तो थांबतो. मादी येते, आत शिरून पाहणी करते. पसंत पडले तर जोडी जमते आणि नर उरलेले काम पुरे करतो. मादी अंड्यावर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो. सालिम अलींनी हे सगळे इथे बसून टिपले. हे ऐकून महिला सभासदांनी ज्या नजरेने पुरुष सभासदांकडे पाहिले ती इथे लिहिता येत नाही.

घरटी आपल्याकडेही आहेत आणि आपण रोज त्यांखालून मोटर चालू करायला जातो. पाहिली मात्र कुणी नाहीत. आम्हीही नाही.

आक्षीचा किनारा

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. सकाळीच आक्षीला पोचलो. आधी गावातला शिलालेख पाहिला. शिलाहार राजा केशिदेवराय याच्या काळातला, शके ९३४ म्हणजे सन १०१२ चा हा लेख असे अभ्यासक मानतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. दिलेल्या दानाला जो धक्का लावील त्याला शिवी देणारा हा गद्धेगळीचा दगड. "म्हंजे सात-बाराची भांडणं तवापासूनची," तात्या म्हणाले.

किनाऱ्यावर गेलो तर ओहोटीने वाळू मैलभर उघडी पडलेली, आणि तिच्यावर पाखरेच पाखरे. एका दुर्बिणीवर दहा जण, तरी कुणी भांडले नाही. गुरुजी एकेक दाखवत गेले. कुरवांचा मोठा थवा होता. हिवाळ्यात या कुरवांचे डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे एक ठिपका. आता बऱ्याच जणांनी तपकिरी टोपी चढवली होती. "टोपी चढली म्हणजे गावाकडची ओढ लागली," गुरुजी म्हणाले. त्यांचे गाव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी. मुठीएवढे चिखल्या पक्षीही तिकडूनच आलेले. सुरय पाण्यावर सूर मारत होते. लांब वाकड्या चोचीचा कोरल चिखलात चोच खुपसून खेकडे काढत होता. लाट मागे सरली की चिमुकल्या पक्ष्यांची एक रांग तिच्यामागे धावायची, ओल्या वाळूतून काहीबाही टिपायची, आणि पुढची लाट आली की तुरुतुरु परत फिरायची.

तात्या त्या रांगेकडे बराच वेळ पाहात उभे होते. मग आमच्याकडे न पाहताच म्हणाले, "सायेब, हे आपल्या नांगरामागचं बगळं की हो. तास पुढं सरलं की मागनं टिपत यायची. तशीच रांग." थोडे थांबून पुन्हा म्हणाले, "आता येत न्हाईत. तुमी दिल्यालं दाणेदार औषध टाकलं त्या साली माझ्या खोडव्यात साळुंक्या मरून पडल्या होत्या. टोपलंभर. तुमाला दावाय आणणार होतो. म्हटलं, नको, सायबाला वाईट वाटंल."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. समुद्राचा आवाज होता म्हणून बरे.

आमचे उत्तर

परतीच्या वाटेवर, खोपोली सोडल्यावर, आम्ही गाडीत उभे राहून ते उत्तर दिले. सगळ्या सभासदांसाठी तेच इथे लिहितो.

तात्या म्हणाले ते खरे आहे. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत हुमणीसाठी फोरेट टाका असे आम्हीच बांधाबांधावर फिरून सांगितले. तेव्हाची शिफारस तशी होती, पण मातीवर उघडे राहिलेले दाणे आणि विषाने मेलेले किडे पाखरे खातात, हे आम्ही एकाही सभासदाला नीट समजावले नाही. २०२० अखेर फोरेटवर देशभर बंदी आली. कुणाच्या कोनाड्यात जुनी पिशवी पडून असेल तर ती वापरू नका, ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका, मुलांपासून दूर ठेवा आणि गट ऑफिसला कळवा.

दुसरी चूक आपली सर्वांची. हुमणीची सुप्त अवस्था उन्हाळ्यात जमिनीत असते. ती नांगरटीने वर यावी आणि पाखरांनी वेचावी, म्हणून तर उन्हाळी खोल नांगरट सांगितलेली. पण ट्रॅक्टर मिळेल तेव्हा आणि ऊन टाळायचे म्हणून आता नांगरट चालते रात्री, दिव्याच्या उजेडात. रात्री बगळा यायचा कसा? सकाळपर्यंत ढेकूळ वाळते आणि कीड पुन्हा खाली जाते. मजुरी न मागणारा गडी आपणच कामावरून काढला, आणि वर म्हणतो, पाखरे येत नाहीत.

तिसरी गोष्ट पाचटाची. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते पेटवले की सेंद्रिय खत जाते, आणि त्यात आसऱ्याला असलेली तितर-लाव्यांची पिल्ले, घरटी, मित्रकीटक तेही जातात.

म्हणून विनंती अशी. नांगरट दिवसा, शक्यतो सकाळी करा. पहिला वळीव पडला की संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर भुंगेरे जमतात. झाडे हलवून ते वेचा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. एकट्याने भागत नाही, सगळ्या शिवाराने एकाच वेळी करायला हवे. पाचट सरीत कुजवा. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी असतील तर ती फांदी यंदा तोडू नका.

पक्ष्यांवर सगळी हुमणी सोपवा असे आम्ही म्हणत नाही. तेवढी पाखरे आता उरलेली नाहीत. पण जी आहेत त्यांना आपणच हाकलायचे, आणि त्यांचे काम विकत घ्यायचे, हा हिशेब कुठल्याच खतावणीत बसत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. सकाळी सातला नांगर धरला होता. आम्ही विचारले, "आले का?"

"तीन आलं," तात्या म्हणाले. "पयलं तीसभर असायचं. पर तीन आलं."

हा अंक हाती पडेपर्यंत वळीव झालेला असेल. संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबाखाली एकदा जाऊन या. आणि पुढच्या उन्हाळ्यात सकाळी नांगर धराल तेव्हा मागे किती बगळे आले ते मोजून गट ऑफिसला कळवा. आकडा लहान असला तरी चालेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी