आवाजही शुद्ध, वीजही वाचली
नभोवाणी प्रक्षेपकातील शक्तिविवर्धकापुढे सदैव एक पेच असतो. मूळ ध्वनीशी इमान राखावयाचे, तर उंच लहरींसाठी बरीच शक्ती राखून ठेवावी लागते आणि पुष्कळशी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वीज वाचविण्यासाठी त्याला क्षमतेच्या टोकापर्यंत राबवावे, तर लहरींचे माथे छाटले जाऊन आवाज विकृत होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्ये यावर तोड काढली. एक निर्वात नलिका नेहमीचा भार वाहते. लहर उंचावली की दुसरी मदतीस येते. त्यामुळे सुमारे ३३ टक्के असलेली कार्यक्षमता ६० टक्क्यांपलीकडे गेली. पुढे नलिकांची जागा ट्रान्झिस्टरांनी घेतली. तत्त्व मात्र मोबाइलच्या मनोऱ्यांवर आजही वीज वाचवीत आहे.