नवी मुंबईतले भाड्याचे घर : किंमत, भाडे आणि हिशेब

नवी मुंबईत भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्याची गाठ दोन बाजारांशी पडते. घराची किंमत पुढे काय होणार यावर ठरते, तर भाडे आज तिथे कोण राहायला येते यावर. या दोन गोष्टी एकाच चालीने पुढे जात नाहीत, आणि इथल्या गुंतवणूकदारांची बहुतेक निराशा या तफावतीतूनच आलेली आहे.

शहराचा इतिहासच याची साक्ष देतो. शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या 95 गावांच्या जमिनीवर शहर आखले गेले. घरे उभी राहिली, पण भाडेकरूंची खरी गर्दी 1992 मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला आल्यावरच सुरू झाली. उलव्यात तेच पुन्हा घडले. विमानतळ येणार म्हणून तिथले फ्लॅट कितीतरी आधीपासून विकले जात होते. विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी 2018 मध्ये झाली आणि उद्घाटनाला ऑक्टोबर 2025 उजाडला. खारकोपरपर्यंतची लोकल नोव्हेंबर 2018 मध्ये धावली, उरणपर्यंतची जानेवारी 2024 मध्ये, आणि त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला. मधल्या वर्षांत किमती आशेवर चढत राहिल्या. पण भाडेकरू आशेवर घर घेत नाही. त्याला नळाला पाणी लागते, स्टेशनपर्यंत रिक्षा लागते, मुलांसाठी शाळा लागते.

म्हणून भाड्याचा अंदाज बांधताना नकाशावरच्या प्रकल्पांपेक्षा चालू असलेली कामाची ठिकाणे जास्त उपयोगी पडतात. ऐरोली, घणसोली आणि कोपरखैरणे इथे महापे व ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांतले कर्मचारी राहतात. वाशी-तुर्भे परिसराला एपीएमसी बाजाराचा आधार आहे, नेरूळला महाविद्यालये आणि रुग्णालयांचा. खारघरमध्ये विद्यार्थी आहेतच. शिवाय टाटा स्मारक केंद्राच्या तिथल्या रुग्णालयात उपचारांसाठी आलेली कुटुंबे काही महिन्यांपुरते घर शोधत असतात. अशा घरांना मागणी असते, पण भाडेकरू वरचेवर बदलतात. खारघर, कामोठे आणि उलवे इथल्या पाणीटंचाईचा परिणामही थेट भाड्यावर होतो. मोरबे धरणाच्या पाण्यावर असलेले नवी मुंबई महापालिका हद्दीतले नोड, म्हणजे सिडकोने आखलेले विभाग, या बाबतीत सुखी आहेत. टंचाईच्या भागात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो आणि तो बहुधा मालकाच्याच खिशातून जातो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. 80 लाखांचा फ्लॅट महिना 20 हजारांनी गेला, तर वर्षाचे भाडे 2 लाख 40 हजार, म्हणजे तीन टक्के. मात्र 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे 30 हजार धरले की गुंतलेली रक्कम 86 लाखांच्या घरात जाते. सोसायटीचा मेंटेनन्स वर्षाला 36 हजार, मालमत्ता कर 10 हजार, घर एक महिना रिकामे राहिले तर त्याचे 20 हजार, रंगकाम आणि एजंटची दलाली मिळून आणखी 20 हजार. हे वजा जाता हातात दीड लाखाच्या आसपास उरतात, म्हणजे जेमतेम 1.8 टक्के. याच फ्लॅटवर 50 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले असेल, तर हप्ता 43 हजारांच्या पुढे जातो. भाड्यातून हप्ता भागेल ही समजूत इथे मोडते. उरलेला हप्ता पगारातून जातो, आणि नोकरी गेली तर सर्वांत आधी हेच घर विकावे लागते.

प्राप्तिकरात थोडा दिलासा आहे. भाड्यातून मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. मात्र घरापोटी दाखवलेला तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यावर वर्षाला 2 लाखांची मर्यादा आहे, आणि नव्या करप्रणालीत ती सोयही नाही.

कायद्याच्या बाजूने मालकांची भीती जुन्या काळातून आलेली आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडी गोठली, आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना 1973 च्या दुरुस्तीने भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून अनेक कुटुंबांनी घर कुलूपबंद ठेवणे पसंत केले. 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र बदलले. कलम 24 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. कलम 55 प्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठा धोका असा, की करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. तरीही हजार-दोन हजार वाचवण्यासाठी साध्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार उरकणारे मालक आजही आहेत, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

भाडे न घेता ‘हेवी डिपॉझिट’वर घर देण्याची पद्धतही इथे रूढ आहे. मालकाला एकरकमी पैसा मिळतो, पण तो दुसरीकडे अडकला तर घर रिकामे होताना परत करायचा कुठून, हा प्रश्न उभा राहतो. भरडला जातो तो भाडेकरू.

सोसायटी हा तिसरा पक्ष. घर भाड्याने दिल्यास बिगर-वापर शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा 2001 चा आदेश आहे. अविवाहित किंवा विशिष्ट धर्माचा भाडेकरू नको, असे अलिखित नियम मात्र अनेक इमारतींत चालतात. ते अन्यायाचे आहेत, आणि मालकाचेही त्यात नुकसान आहे, कारण रिकाम्या घराचा प्रत्येक महिना त्याच्याच हिशेबातून जातो.

खरेदीपूर्वी जमिनीचा कागद पाहणे या शहरात अधिक गरजेचे आहे. सिडकोची जमीन बहुधा 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते आणि अशा वेळी घर हस्तांतरित करताना सहसा सिडकोचे शुल्क व परवानगी लागते. गावठाण परिसरातल्या इमारती स्वस्त असतात, भाडेही चांगले देतात, पण त्यांतल्या पुष्कळ परवानगीविना उभ्या आहेत. दिघ्यातल्या 99 बेकायदा इमारतींवर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने कारवाईचे आदेश दिले, तेव्हा पैसे घालून बसलेली कुटुंबे अडचणीत आली. उलट टोकाला वाशीतल्या सिडकोनिर्मित जेएन-1, जेएन-2 प्रकारच्या जुन्या इमारती आहेत. कागद स्वच्छ, पण छतांचे प्लास्टर कोसळलेले आणि पुनर्विकास वर्षानुवर्षे रखडलेला. अशा घराला भाडे कमी मिळते. घेणारा पुनर्विकासात मिळणाऱ्या वाढीव जागेवर पैसे लावत असतो.

विकताना शेवटचा हिशेब लागतो. घर दोन वर्षांहून अधिक काळ ठेवले असेल, तर 23 जुलै 2024 पासून नफ्यावर 12.5 टक्के कर आहे आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची सोय गेली आहे. त्याआधी घर घेतलेल्या निवासी व्यक्तींना जुन्या 20 टक्क्यांच्या पद्धतीचा पर्याय ठेवलेला आहे. दोन्ही आकडे मांडून पाहिल्याशिवाय सौदा करू नये, कारण दीर्घकाळ ठेवलेल्या आणि फारशा न वाढलेल्या घराला जुनी पद्धत बहुधा स्वस्त पडते.