सांडपाण्याच्या नळांतील खनिज पुटे

दुष्फेन (कठिन) पाण्यामुळे घरगुती सांडपाण्याच्या नळांच्या आतील पृष्ठावर साचणारे टणक थर. त्यांत कॅल्शियम कार्बोनेट हा प्रमुख घटक असून मॅग्नेशियमाची संयुगे, साबणाचा साका, केस व माती ही त्यात मिसळलेली आढळतात. व्यवहारात याला ‘क्षार धरणे’ म्हणतात. तथापि रसायनशास्त्रदृष्ट्या ही लवणे होत, क्षार नव्हेत. हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे पुढे दिसून येईल.

कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त पाणी जमिनीत झिरपताना खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटांच्या रूपात विरघळतात. पाणी तापले किंवा पातळ थराने वाहू लागले की तो वायू निघून जातो आणि अविद्राव्य कार्बोनेट साचते. त्यामुळे न्हाणीघरातील गरम पाण्याची वाट, सांधे आणि उतार कमी असलेला भाग येथे पुटे आधी धरतात. मुतारीच्या नळांत मात्र जंतूंच्या क्रियेने यूरियापासून अमोनिया तयार होतो व मुख्यत्वे फॉस्फेटे साचतात. दख्खनच्या बेसाल्टी खडकांतील विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन असते. उन्हाळ्यात धरणाचे पाणी अपुरे पडून विंधन विहिरीचे पाणी वापरात आले की पुटांची वाढ होते.

५० मिमी. व्यासाच्या नळात सर्व बाजूंनी ५ मिमी. थर साचला, तर वाहण्याची जागा ३६ टक्क्यांनी घटते. खरबरीत पृष्ठाला केस व तेलकट मळ अडकून नळ तुंबतो तो बहुधा यानंतर.

तुंबलेल्या नळात कॉस्टिक सोडा ओतण्याची प्रथा आहे. त्याने तेलकट मळ सुटतो, पण कार्बोनेटावर त्याचा परिणाम होत नाही. त्यासाठी अम्लच लागते. १०० ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट विरघळविण्यास ७३ ग्रॅ. हायड्रोक्लोरिक अम्ल, म्हणजे १० टक्के तीव्रतेचा सु. पाऊण लिटर विद्राव, पुरतो. शिरक्यात (व्हिनेगरात) ॲसिटिक अम्ल ४ टक्के धरल्यास याच कामास सु. ३ लिटर शिरका लागेल. पातळ थरावर तो रात्रभर ठेवून उपयोगी पडतो. जाड पुटांवर वाटीभर ओतणे व्यर्थ होय. सायट्रिक अम्ल सौम्य व सोयीचे असले, तरी तीव्र विद्रावात कॅल्शियम सायट्रेटाचाच साका बसतो.

विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने पीव्हीसी नळांस इजा होत नाही. परंतु जुन्या इमारतींतील बिडाचे नळ, सिमेंटचे सांधे व संगमरवरी फरशी त्याने खाल्ली जाते. विरंजक चूर्ण किंवा हायपोक्लोराइट यांच्याशी त्याचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. कॉस्टिक सोडा टाकलेल्या नळात लागलीच अम्ल ओतल्यास तीव्र उष्णता निर्माण होऊन द्रव उसळतो व डोळे भाजण्याचा संभव असतो. एक द्रव्य निरुपयोगी ठरले म्हणून दुसरे ओतण्याच्या घाईत असे प्रकार घडतात. दोहोंमध्ये भरपूर पाणी सोडणे, खिडकी उघडी ठेवणे व हातमोजे वापरणे आवश्यक असते.

नळ पूर्ण बुजला असल्यास अम्ल पुटांपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी सापळा उघडून पुटे खरवडतात किंवा उच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने फोडतात. आयन-विनिमय पद्धतीने पाणी सुफेन केल्यास नवी पुटे धरत नाहीत. आधी साचलेली मात्र त्यामुळे निघत नाहीत.