रात्रीची लघवी : दोष केवळ प्रोस्टेटचा नव्हे

चिंचपोकळीच्या जुन्या चाळींत शौचालय बहुधा गॅलरीच्या टोकाला असते. रात्री तीन-चारदा उठणारे आजोबा त्या अंधारात पडले, तर खुब्याचे हाड मोडू शकते. आपण दोष प्रोस्टेटला देतो. परंतु दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते रात्री बाहेर टाकतात. मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, उशिरा घेतलेली लघवीची गोळी हीही कारणे असतात.

तीन दिवस प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळेसह वहीत लिहावी. सकाळची पहिली लघवी रात्रीच्याच हिशेबात धरावी. रात्रीचा वाटा तृतीयांशाहून अधिक असल्यास कारण प्रोस्टेटपलीकडे शोधावे लागते. वही डॉक्टरांना दाखवावी, गोळीची वेळ परस्पर बदलू नये. तोवर पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवावे. आजोबा संकोचतील, सुनेऐवजी मुलाने किंवा नातवाने ते रिकामे करावे.