विजेची काटकसर

मोटारीच्या बॅटरीचा विद्युतदाब सुमारे १२ व्होल्ट असतो. परंतु कित्येक लहान दिव्यांना ५ व्होल्टच पुरतात. अधिक दाब मिळाल्यास ते निकामी होतात. मग हा दाब उतरवावा कसा? रोहित्राने तो उतरविता येत नाही. कारण रोहित्राला उलटसुलट वाहणारा प्रवाह लागतो व बॅटरीचा प्रवाह तर एकाच दिशेने वाहतो.

वाटेत अडथळा घालून जादा ७ व्होल्ट तेथेच जिरविणे, हा एक सोपा उपाय होय. पण त्यात हानी फार. दिव्याने अर्धा अँपिअर प्रवाह घेतला, तर बॅटरीतून ६ वॅट शक्ती निघते. तीपैकी अडीच वॅट दिव्याला मिळते आणि साडेतीन वॅट उष्णतेच्या रूपाने व्यर्थ जाते.

दुसरी रीत अधिक चतुराईची आहे. तीत प्रवाह अडवीत नाहीत. ट्रान्झिस्टरच्या कळेने तो क्षणोक्षणी चालू व बंद करतात. एकूण वेळेच्या सुमारे ५/१२ भाग कळ चालू राहिली, म्हणजे सरासरी दाब ५ व्होल्ट होतो.

मात्र असा तुटक प्रवाह दिव्याला मानवत नाही. म्हणून वाटेत तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवतात. कुंभार काठीने चाकाला गती देतो व काठी बाजूला ठेवतो, तरी चाक फिरतच राहते. तसेच कळ बंद झाली, तरी वेटोळ्यात साठलेली ऊर्जा प्रवाह वाहता ठेवते. त्या क्षणी डायोड या प्रवाहाला वाट करून देतो. उरलेले चढउतार कपॅसिटर सावरून घेतो.

ही कळ सांभाळण्यासाठी ३४०६३ या क्रमांकाची स्वस्त चिप मिळते. ती सेकंदाला १ लाख वेळांपर्यंत चालू-बंद होऊ शकते. १.२ व ३.६ किलोओहमचे दोन रोधक जोडून बाहेरच्या दाबाचा चौथा हिस्सा तिच्याकडे पोचवितात. चिप त्याची तुलना आपल्या १.२५ व्होल्टच्या ठरावीक दाबाशी करते. हिस्सा वाढला, की ती कळ बंद ठेवते. घटला, की पुन्हा चालू करते. अशा रीतीने बाहेरचा दाब ५ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो.

या मंडलातही थोडी शक्ती वाया जातेच. तरी त्याच दिव्यासाठी बॅटरीतून साधारण सव्वातीन वॅटच घ्यावी लागते. म्हणजे तीच बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ पुरते. जेथे सौर पाट्यांनी दिवसा साठविलेल्या विजेवर रात्रीचा अभ्यास चालतो, तेथे ही बचत लाखमोलाची ठरते.