खट्टू पाहुण्यांची पंचवीस वर्षं

पूर्वी कोकणात जाणारा माणूस बहुतेक वेळा कोकणातलाच असायचा. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी आपल्या घरी यायचा आणि माजघरात अंथरूण टाकून झोपायचा. त्याला न्हाणीघर कुठे आहे हे ठाऊक असायचं आणि कुरकुर करायची झाली तर आईजवळ करायचा. ज्याचं तिथे कुणीच नाही अशा माणसाला देवस्थानाचा भक्तनिवास, नाहीतर सरकारी विश्रामगृह.

१९९७-९८ च्या सुमारास हे चित्र पालटलं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि रायगड जिल्ह्यातल्या त्या आडगावी गाड्यांची रीघ लागली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ज्यांचं कोकणात घर नव्हतं अशी पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची कुटुंबं येऊ लागली आणि गावातल्या घरांनी त्यांच्यासाठी एखादी खोली रिकामी केली. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने अशा घरांना सरकारी नोंदणीची वाटही करून दिली.

तेव्हापासून आजवर खोल्या ओळखू येऊ नयेत इतक्या सुधारल्या. तरी ‘छे, मजा नाही आली’ म्हणत परतणारा पाहुणा काही कमी झाला नाही. तो कशामुळे खट्टू होत गेला, याचा माग काढला तर घरगुती पर्यटनाचा सगळा प्रवास दिसतो.

पहिल्या काळातल्या तक्रारी साध्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. संडास परसात. अंघोळीला बंबाचं पाणी, तेही बादलीने, आणि आठ माणसांमागे एक न्हाणीघर. कॉटऐवजी जमिनीवर गाद्या. जांभ्याच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, गाद्यांना कुबट वास लागतो, तो काही केल्या जात नाही. त्यात वीज. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि पुढची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन भोगलं. शहरातून आलेला पाहुणा ऐन मे महिन्यात बंद पंख्याखाली, घामाने भिजून, डास मारत रात्र काढायचा. पण या काळातली निराशा सहसा सकाळपर्यंतच टिकायची. घरची माणसं त्याच अंधारात, त्याच उकाड्यात झोपलेली असत. सकाळी घरधनीण घावणे-चटणी वाढताना स्वतःच विषय काढायची. गैरसोय सगळ्यांची सारखी होती, त्यामुळे फसवलं गेल्याची भावना नव्हती.

या तक्रारी घरमालकांनी मनावर घेतल्या. खोलीला लागून संडास-बाथरूम आलं, बंबाच्या जागी गीझर आला, इन्व्हर्टर आला, मग एसी आला. आणि इथेच दुसरी अडचण सुरू झाली. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण उताराच्या जमिनीवरून तो समुद्राला मिळतो. एप्रिल-मे मध्ये अनेक गावांच्या विहिरी तळाला जातात, आणि पाहुण्यांचा हंगाम नेमका तोच. एका कुटुंबाच्या हिशेबाने खोदलेल्या विहिरीवर वीस-पंचवीस माणसांचे शॉवर आणि फ्लश चालू लागले. मग पंप कोरडा पडतो, टँकर मागवावा लागतो, आणि एसी खोलीचे पैसे मोजलेला पाहुणा साबण लावलेल्या अंगाने आतून हाका मारत राहतो. बादलीच्या काळात असं कधी झालं नव्हतं, कारण बादलीला हिशेब होता.

जेवणाचंही तसंच. पाहुणा येतो तो ताज्या मासळीच्या ओढीने. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, हे शहरात फारसं कुणाच्या लक्षात नसतं. जुलैत पाऊस बघायला आलेल्या माणसाच्या ताटात बर्फातली सुरमई पडते आणि तो घरी जाऊन सांगतो, ‘मासे काही खास नव्हते.’ दिवाळीत येऊन हापूस मागणारे असतात. उकडीचे मोदक ताटावर बसल्या बसल्या हवे असणारे असतात; पिठी, नारळ, उकड काढणं आणि कळ्या पाडणं यांना वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं. उलट बाजूने, घावणे-आंबोळीच्या आशेने उठलेल्या पाहुण्यापुढे ब्रेड-ऑम्लेट ठेवणारी घरंही वाढली. शहरी माणसाला शहरातलंच आवडत असेल, हा त्यामागचा अंदाज. दोन्हीकडे चूक एकच: कुणी कुणाला विचारलं नाही.

खोली मिळवण्याची रीत बदलली तशी निराशेचीही जात बदलली. आधी कुणीतरी जाऊन आलेला असायचा, तो नंबर द्यायचा आणि ‘जेवण उत्तम, पण डास फार’ हेही सांगायचा. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या सेवा पुढे इथेही पोचल्या आणि त्या माणसाची जागा फोटोंनी व ताऱ्यांनी घेतली. फोटोत समुद्र अंगणात आलेला दिसतो. प्रत्यक्षात मधे दोन वाड्या आणि एक डांबरी रस्ता असतो. फोटो पाऊस सरल्यावर काढलेला असतो, हिरवागार. पाहुणा येतो मार्चमध्ये. यात खोटं काहीच नसतं, फक्त ‘पण’ गाळलेला असतो.

याहून मोठा बदल माणसांत झाला. ही सगळी सोय मुळात घरच्या बायकांच्या कष्टांवर उभी होती. पहाटेचा चहा, न्याहारी, दोन वेळची ताटं, चादरी धुणं, हे सगळं सासू-सुना करत. पुढची पिढी मुंबई-पुण्याला गेली, सासूचे गुडघे दुखू लागले, आणि घर चालवायला दिलं गेलं. आता दार उघडतो तो पगारी मुलगा, जेवण येतं बाहेरून, मालक फोनवर. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेने भाड्याच्या खोल्या सहा आणि खाटा बारा अशी कमाल मर्यादा घातली, आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावं अशी अट ठेवली. या अटीमागचा विचार पक्का होता. बल्ब गेला, ताप आला, रिक्षा हवी झाली तर ज्याला हाक मारता येईल असा माणूस घरात असणं, हाच लॉज आणि घर यांतला फरक. आजच्या बऱ्याच तक्रारी ‘विचारायला कुणी नव्हतं’ या एका वाक्यापाशी येऊन थांबतात.

हिशेब एकतर्फी होऊ नये. यजमानांनीही या वर्षांत पुष्कळ सोसलं आहे. सहा जणांचं सांगून नऊ जण उतरतात. शेजारच्या आजोबांची झोपायची वेळ झाली तरी गाणी मोठ्याने वाजतात. ३१ डिसेंबरच्या रात्रीनंतर अंगण झाडणारी बाई काय काय उचलते, ते तिला विचारावं. भरतीची वेळ सांगून पाण्यात जाऊ नका म्हटलं, तर ‘आम्हाला पोहता येतं’ हे उत्तर. आणि एवढं करून एक तारा.

मग काही निराशा कुणाच्याच हातातल्या नव्हत्या. मार्च २०१२ मध्ये दिवेआगरचा सोन्याचा गणपती चोरीला गेला आणि गावाकडे येणारा पाहुण्यांचा ओघ आटला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळी मुळासकट आडव्या केल्या. नंतर आलेल्या पाहुण्यांना सावलीची वाडी हवी होती. सुपारीचं झाड फळायला कित्येक वर्षं घेतं, हे त्यांना कोण सांगणार? काही घरांनी सांगितलं. फोन आला की आधी म्हणत, वाडी पूर्वीसारखी राहिली नाही, बघून ठरवा. तरीही लोक आले, आणि हिरमुसून गेले नाहीत.

मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव हे असं आधीच खरं सांगण्याचं नीट दाखवता येण्यासारखं उदाहरण. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात; साधं जेवण, साध्या गाद्या. बघायला येतात ती पिल्लं मात्र कुणाचं ऐकत नाहीत. अंड्यातून बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात, ते वाळूच्या उबेवर ठरतं, आणि एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. निराशेची इतकी पक्की शक्यता दुसऱ्या कुठल्या सहलीत नसेल. तरी वर्षानुवर्षं लोक जातात, कारण पिल्लांची हमी नाही हे निघण्याआधीच सांगितलेलं असतं. रिकाम्या हाताने परतणारा चुटपुटतो, चिडत नाही.

या सगळ्या वर्षांचा निष्कर्ष एवढाच, की गीझर आणि एसीने जितके पाहुणे राखले त्याहून जास्त खऱ्या बोलण्याने राखले. म्हणून घरमालकांना विनंती: खोलीत काय आहे त्याच्या यादीखाली काय नाही तेही लिहा. आणि पाहुण्यांनी पैसे भरण्याआधी एक फोन करावा. समुद्र किती लांब, मे महिन्यात पाणी पुरतं का, न्याहारीला काय, आणि घरात राहतं कोण, हे चार प्रश्न विचारावेत. चौथ्याला सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरं घर शोधावं.