जाम झालेला स्क्रू आणि डिझेल पंप: हातोडी उचलण्याआधी

आजचा भाग ट्रकवाल्यांसाठी, आणि जुनी डिझेल गाडी स्वतः उघडून बघणाऱ्या हौशी लोकांसाठीसुद्धा. प्रश्न नेहमीचाच आहे. फिल्टरच्या हेडवरचा, फीड पंपावरचा किंवा पंपाच्या बाजूच्या झाकणाचा स्क्रू हलत नाही, खाच गुळगुळीत झाली, आता काय करायचं? ऐकायला किरकोळ वाटतं. पण गाडी एअर घेते, एअर काढायचा बोटाएवढा स्क्रू मुंडीतून तुटतो आणि भरलेली गाडी दोन दिवस रस्त्याकडेला उभी राहते. माल टोमॅटो असेल तर हिशोब तुम्हीच करा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आजचं बोलणं जुन्या, लाइन पंप किंवा रोटरी पंप असलेल्या गाड्यांबद्दल आहे. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘मायको पंप’ म्हणतात तो. (मायको म्हणजे बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश आहे, पण गॅरेजमध्ये नाव बदललेलं नाही.) कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत रेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तिथे इंजिन चालू असताना हाय प्रेशरच्या पाइपचा नट सैल करून ‘बघणं’ म्हणजे थेट जिवाशी खेळ. ती बारीक धार कातडीतून आत घुसते, बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी तासाभरात मोठं हॉस्पिटल गाठायचं, आणि डॉक्टरांना डिझेल दाबाने आत गेलंय हे स्वतःहून सांगायचं.

आता स्क्रूकडे. तो जाम का होतो हे कळलं तर अर्धं काम झालं. फिल्टरचं हेड आणि पंपाची बॉडी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची, आणि स्क्रू लोखंडाचा. मध्ये पाणी शिरलं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खात जातं. त्याची जी पांढरी पावडर बनते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि आट्यांमध्ये अक्षरशः पाचर मारल्यासारखी बसते. कोकणातून मासळी नेणाऱ्या गाड्यांवर हे लवकर दिसतं, कारण बर्फाचं खारं पाणी सतत ठिबकत असतं. दुसरं कारण माणसाचं. एअर काढून झाली की तो स्क्रू ‘अजून थोडा’ आवळायचा ही सवय. एम ६ च्या साध्या स्क्रूला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे लहान पान्हा आणि मनगट. त्यावर लांब पान्हा लावून लोंबकळायची गरज नसते.

मग पहिलं काम कोणतं? साफसफाई. हसू नका. डिझेलने ओलं झालेल्या भागावर धूळ बसते, त्याचा दगड होतो आणि तो स्क्रूच्या खाचेत भरून राहतो. वरून दिसायला ड्रायव्हर बसलाय, पण खरं तर तो खाचेच्या वरच्या अर्ध्या भागातच टेकलाय. जोर लावला की निसटतो आणि कड खातो. पोखरणी किंवा जुनी सुई घेऊन खाच तळापर्यंत कोरून काढा. ॲलन की असेल तर षटकोनी भोकाचा तळ दिसला पाहिजे. आजूबाजूचा भाग ब्रश आणि डिझेलने धुवून कोरडा पुसा, कारण स्क्रू निघाला की त्याच भोकातून घाण आत जाणार आहे. पंपाच्या प्लंजरची फट काही मायक्रॉनची असते, आपला केस त्याच्यापुढे दोरखंड आहे. म्हणून पाइप सोडल्यावर तोंडांवर प्लॅस्टिकच्या टोप्या लावा. कॉटन वेस्टचा बोळा कोंबायची पद्धत सगळीकडे दिसते आणि मला ती अजिबात आवडत नाही. त्याचे धागे आत राहतात.

ड्रायव्हर नेमका निवडा. चपट्या खाचेला पात्याची रुंदी खाचेच्या लांबीएवढी हवी आणि जाडी अशी की हलायला जागा राहू नये. फुलीच्या खाचेचा त्रास वेगळा आहे. तिच्या बाजू तिरक्या असल्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर चढून बाहेर पडतो. जपानी बनावटीच्या पंपांवरची फुली दिसायला तशीच, पण मापात थोडा फरक असतो, त्यामुळे आपला नेहमीचा ड्रायव्हर तिथे नीट तळाला टेकत नाही. पकड वाढावी म्हणून टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, असा सल्ला व्हिडिओंमध्ये खूप फिरतो. दरवाज्याच्या बिजागरीला खुशाल लावा. इंधनाच्या कामात ती पेस्ट बाटलीतून बाहेरही काढू नका, कारण ती घासण्यासाठीच बनलेली आहे आणि पंपात गेली तर तेच करेल.

यानंतर गंज सोडवणारं तेल. इथे लोक डिझेलच मारतात. अहो, तो स्क्रू इतकी वर्षं डिझेलमध्येच आंघोळ करतोय, त्याने निघाला असता तर केव्हाच निघाला असता! आट्यांत झिरपणारं तेल आणा, थोडं सोडा, स्क्रूच्या मुंडीवर पितळी सळई ठेवून हलकेच चार-पाच ठोके मारा, पुन्हा तेल सोडा आणि जेवायला जा. जमलं तर रात्रभर ठेवा. ठोक्यांनी आत बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. नुसतं तेल ओतून लगेच पान्हा लावण्यात फारसा अर्थ नाही.

आणि फिरवताना आधी उलटं करा. म्हणजे सैल करायच्या आधी किंचित आवळा, अगदी केसभर. मग सोडा. पुन्हा किंचित आवळा, पुन्हा सोडा. ‘टिक’ असा आवाज आला की समजायचं पकड सुटली. एकाच दिशेने जोर लावत राहिलं की स्क्रू पिळवटतो, आणि पिळवटलेला स्क्रू स्प्रिंगसारखा लागतो: फिरतोय असं वाटतं, पण खाली काहीच हललेलं नसतं. हातात असं लवचीक वाटलं की लगेच थांबा. पुढची पायरी तुटण्याची असते.

तरीही नाही? मग हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. हातोडीचा ठोका बसला की तो टोक खाली दाबतो आणि त्याच क्षणी थोडं फिरवतो, त्यामुळे खाच निसटत नाही. दिशा सोडण्याच्या बाजूला आहे ना, हे आधी तपासा. तो भाग गाडीवरच असेल तर जपून, कारण ॲल्युमिनियमचा कान मोठ्या हातोडीने तडकतो. शक्य असेल तर फिल्टर हेड किंवा फीड पंप काढून, लाकडावर ठेवून मारा.

आता सगळ्यात धोक्याचा उपाय, उष्णता. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून दोन्ही सारखेच तापले तरी भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सैल पडते. तत्त्व बरोबर आहे, पण म्हणून गॅसची टॉर्च आणायची नाही. ‘डिझेल काय पेट्रोलसारखं पेटत नाही’ हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट कमीत कमी ३५ अंश आहे. म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने भडकू शकते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला पारा ४५ च्या वर जातो, सावलीत! हीट गनही निर्धोक नाही, तिची हवा इतकी गरम असते की डिझेल ज्योतीशिवायही पेट घेऊ शकतं. गाडीवर काम चालू असेल तर साधा उपाय: पाइपांची तोंडं बंद करा, जाड फडकं उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्याने त्या भागाभोवती गुंडाळा, पाच मिनिटांनी बदला, असं दोन-तीनदा. मग कोरडं पुसून लगेच ड्रायव्हर लावा. एवढी ऊब बऱ्याच वेळा पुरते. वेल्डिंगने मुंडीवर नट चिकटवायची युक्ती चेसिसच्या बोल्टला उत्तम आहे, डिझेल असलेल्या भागाला मुळीच नाही.

मुंडी गेलीच तर? थोडा भाग वर उभा असेल तर वाइस ग्रिप. सपाट तुटला असेल तर तो भाग गाडीवरून उतरवा. सेंटर पंचने बरोबर मधोमध खूण करा, एम ६ असेल तर ३ मिलिमीटरपासून सुरुवात करा. डावीकडे कापणारं ड्रिल मिळालं तर फारच छान, कित्येकदा ड्रिल करताकरताच तुकडा फिरून बाहेर येतो. ड्रिलला ग्रीस लावा, म्हणजे चुरा चिकटून राहील. एक्स्ट्रॅक्टर मात्र विचार करून लावा. तो कडक पण ठिसूळ असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापतच नाही आणि मग लेथवाल्याकडे जाण्याशिवाय इलाज उरत नाही. हात थरथरत असेल, उजेड कमी असेल, तर तुटल्यावर नाही, आधीच त्याच्याकडे जा.

काही स्क्रूंना शिशाचं सील किंवा तार असते. तो स्क्रू जाम नाहीये! तो जास्तीत जास्त डिझेल किंवा जास्तीत जास्त आरपीएम ठरवणारा आहे आणि टेस्ट बेंचवर सेट केलेला असतो. तो हलवला की काळा धूर, तापणारं इंजिन आणि पंपवाल्याचं बिल, तिन्ही एकदम येतात.

परत बसवताना जुना खाल्लेला स्क्रू वापरू नका. नवा त्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा घ्या. दोन मिलिमीटर लांब असला तरी आत टेकू शकतो. आट्यांवर अँटी-सीझ पेस्टचा अगदी पातळ हात फिरवा, टोकाला नाही. तांब्याचे वॉशर नवे टाका. मग हँड प्रायमरने एअर काढा, बुडबुडे थांबले की स्क्रू बंद करा, इंजिन पाच मिनिटं चालवा आणि कोरडा कागद फिरवून बघा. ओला झाला तर वॉशर पुन्हा तपासा, स्क्रू अजून आवळू नका.

नोझल हेडमध्ये जाम होतात तो वेगळाच प्रकार आहे, तो पुढच्या भागात घेऊ.